उलट्या उभ्या घंटा

शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता ऑल्डरविकच्या सेंट बोटॉल्फ चर्चच्या मनोऱ्यात, घंटांच्या खोलीची झडप वाऱ्याने आपटून बंद झाली. जमिनीतली ही झडप उघडायची कडी खालच्या बाजूला आहे. विनिफ्रेड थ्रॅशर आणि डेस्मंड पॅल्फ्री वरच्या बाजूला होते.

विनिफ्रेड इथल्या घंटावादकांची प्रमुख. डेस्मंड चर्चचा कारभार पाहणारा नवा वॉर्डन, विमा कंपनीतून निवृत्त झालेला. पाचव्या घंटेचा सूर फाटला होता. ती वितळवून पुन्हा ओतायची होती, आणि नव्या घंटेवर त्या वर्षीच्या वॉर्डनचं नाव घालायची इथली तीनशे-साडेतीनशे वर्षांची रीत. जुनी नावं कशा अक्षरांत आहेत, ते डेस्मंडला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

"तुमचं नाव लांबलचक आहे," जिना चढताना विनिफ्रेड म्हणाली होती. "घंटा मोठी ओतावी लागणार."

सहाही घंटा उलट्या उभ्या होत्या. प्रत्येक घंटा भल्यामोठ्या चाकाला जखडलेली. वाजवण्याआधी ती झोके देत देत तोंड वर करून उभी करतात आणि एका लाकडी आडकाठीवर टेकवून ठेवतात. मग दोराला जरा हिसका बसला, की तेवढं धूड गरकन फिरतं. उभ्या करताना घाम निघतो. संध्याकाळी लग्न होतं, म्हणून सकाळच्या वादनानंतर विनिफ्रेडने त्या तशाच ठेवल्या. घंटा वर असताना त्यांच्यात जायचं नाही, हे ती नव्या वादकाला पहिल्याच दिवशी बजावते. आज ती स्वतः गेली. जाऊन लगेच यायचं होतं.

तिने झडपेत बोटं घालून पाहिली. फटीत नखही शिरेना.

"पाय आपटू या," डेस्मंड म्हणाला.

"आपटा. खाली दुहेरी फळ्या आहेत, मध्ये भुसा भरलेला. वादकांचे कान फाटू नयेत म्हणून. तुमचा फोन?"

"कोटात. कोट खाली खुंटीवर."

"माझा घरी."

तिरप्या पट्ट्यांच्या खिडकीशी तोंड नेऊन दोघांनी हाका मारल्या. अंगणात बँड जोरात होता. आज वारसा दिन. चर्च पाहायला चार गावची माणसं आली होती.

डेस्मंडने चाकांवरून जमिनीतल्या भोकांतून खाली गेलेल्या दोरांकडे पाहिलं. "यातला एखादा कोणी ओढला तर?"

"ओढणार नाही. घंटा वर असल्या की दोरांवर पाटी टांगलेली असते. हात लावू नका म्हणून."

डेस्मंडने दोरांवरची नजर काढली. मग म्हणाला, "ती काळपट पुठ्ठ्याची?"

"तीच."

"ती मी काढली."

विनिफ्रेडने वळून पाहिलं.

"कळकट दिसत होती हो. बाहेरची माणसं येणार. फेकलेली नाही, कपाटात नीट ठेवलीय."

"नीट ठेवलीत ना? मग काळजी मिटली. आणि खालच्या दोरांच्या खोलीची किल्ली?"

"व्हिकरकडे." इथल्या धर्मगुरूला व्हिकर म्हणतात.

नवख्याने उभ्या घंटेचा दोर ओढला, की वर जाणारा दोर माणसालाही वर नेतो. घाबरून माणूस दोर सोडत नाही. शेजारच्या गावात एक जण छताला आपटलेला विनिफ्रेडने पाहिला होता. तो पुन्हा चालला नाही.

"घंटा ठोकू," डेस्मंड म्हणाला. "बँडच्या वर आवाज जाईल."

कोपऱ्यात लाकडाचा ठोकळा पडला होता. विनिफ्रेडने हात लांब करून सगळ्यात लहान घंटेच्या ओठावर घाव घातले. एक, दोन, बरेच. बँड थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात लाउडस्पीकर घरघरला आणि व्हिकरचा खुशीत आलेला आवाज वर आला. "ऐकलंत? आमच्या विनिफ्रेडबाईंनी बोलावणं धाडलंय. चला मनोऱ्यात. ज्यांना हौस आहे त्यांना दोर धरायला मिळेल."

टाळ्या पडल्या. बँड पुन्हा सुरू झाला.

"अहो, नाही!" डेस्मंड खिडकीतून ओरडला. त्याचा आवाज तुतारीखाली दबला.

"ओरडू नका. पट्टा काढा," विनिफ्रेड म्हणाली.

चाकाचा आरा घंटा पेलणाऱ्या चौकटीला बांधला तर घंटा जागची हलायची नाही. तिने पट्ट्याने तिसरी बांधली, आपल्या स्कार्फने पहिली. डेस्मंडने टाय सोडला. दुसरी. गाठ तिने तपासली तेव्हा पक्की निघाली. चौथीला तिच्या स्वेटरच्या बाह्या. पाचवीला दोघांच्या बुटांच्या नाड्या एकत्र पिळून.

उरली सहावी. सगळ्यांत मोठी, टनाच्या वरची.

"माझा शर्ट घ्या."

"फाटेल."

"मग राहू दे तिला. तुम्ही भिंतीला चिकटून बसा, मीही बसतो."

"आणि खाली दोर धरणाऱ्याचं?"

डेस्मंडने शर्ट काढून दिला. तिने तो आऱ्याभोवती दोन वेढे घालून बांधला. मग चाकाशी गुडघे टेकून तिने दोन्ही हात आऱ्यांतून घातले आणि पलीकडच्या चौकटीला घट्ट धरलं. घंटा सुटली तर हात तिथेच राहतील, हे तिला डेस्मंडने सांगायची गरज नव्हती. तरी त्याने सांगितलं.

"माझे पाय धरा," ती म्हणाली.

त्याने पाय धरले.

तिसऱ्या घंटेचा दोर ताणला गेला. पट्टा करकरला, चाक हललं नाही. मग दुसरीचा. टायची गाठ टिकली. दोर सैल पडला. खाली कोणीतरी दोर बदलत होतं.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी सहाव्या घंटेचा दोर हळूहळू ताठ झाला. शर्टाची पहिली शिवण उसवली.