निरोपाची खातरजमा

पर्यवेक्षिकाबाईंनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. समोरच्या पडद्यावर खोटे पंप खोटे पाणी ओढत होते आणि कोपऱ्यात नुकताच आलेला ईमेल उजळला होता : 'मुलगी झाली. दोघीही सुखरूप. फोटो जोडला आहे.' खाली जावयाचे नाव.

जलशुद्धीकरण केंद्राचा हा वार्षिक सराव. शेजारच्या खोलीतले सहकारी हल्लेखोर होऊन नकली केंद्राच्या संगणकांत शिरू पाहत आणि बाईंनी त्यांना थोपवायचे. फसवे निरोप कार्यालयाच्या नेहमीच्या ईमेलवरच येत; त्यांना जोडलेले काही उघडले की हल्लेखोर आत. मोबाईल दाराशी जमा. हल्लेखोरांच्या म्होरक्याला सगळे बोका म्हणत. दूरगावी असलेल्या लेकीचा रक्तदाब वाढून तिला पहाटेच रुग्णालयात हलवल्याचे बाईंनी त्याला आज सकाळी, चहा घेताना, स्वतःच सांगितले होते.

"बोक्या, इतक्या थराला गेलास?" त्या भिंतीकडे पाहून पुटपुटल्या. नजर मात्र 'दोघीही' या शब्दावरून हलेना.

त्यांनी सरावाच्या परीक्षकांना बोलावले. परीक्षकांनी वाकून निरोप वाचला.

"हा आमचा नाही, बाई. खुशाल उघडा."

"तुम्ही म्हणता म्हणून? गेल्या सरावात आग लागली म्हणून तुम्हीच आम्हाला बाहेर पळवलंत आणि बोक्याला माझ्या खुर्चीत बसवलंत."

परीक्षकांना हसू आवरेना. "मग आता करणार काय?"

"मला पाठ असलेल्या नंबरावर विचारते."

"खुर्ची सोडलीत तर बोका आत शिरेल."

"शिरू दे मेल्याला."

भिंतीवरच्या फोनवरून त्यांनी विहीणबाईंचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. फोनची वायर त्यांनी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"कोण?"

"मी बोलतेय, विहीणबाई. तिकडे..."

"झाली एकदाची आठवण! तुमचा मोबाईल लागेना म्हणून पोराने ऑफिसच्या पत्त्यावर फोटो धाडला, तर साधं 'बरं' म्हणून उत्तर नाही. नात झालीय म्हटलं, नात! नाक तुमच्यावर गेलंय, त्याला आता आमचा इलाज नाही. रंग आमचा आहे, तेवढं देवाने राखलं. लेक तुमची ठणठणीत आहे. माझ्याशी वाद घालून आत्ताच झोपली."

एरवी या आवाजाचे पहिले वाक्य संपायच्या आत बाईंचे उत्तर तयार असे. आज त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू सरकत त्या जमिनीवरच बसल्या. पलीकडच्या खोलीत एकच जल्लोष उठला. बोक्याचे काम फत्ते झाले होते. परीक्षकांनी पडद्याकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि आवाज न करता दार ओढून घेतले.

"ऐकताय ना?" विहीणबाईंनी दरडावले. "की ठेवलात फोन?"

बाईंनी पदराने डोळे टिपले.

"ऐकतेय हो. नाकाचं काय म्हणत होतात? पुन्हा सांगा."