दरी घ्या, जावईबापू

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात. मी जुनी जीप घेतली. सहा महिने ती अंगणात उभी राहून तेल ठिबकत होती. शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी ही बंद खाणीपर्यंत चढली तर राहील. नाही चढली तर सोमवारी विकायची."

वाट दाखवायला सासरे पुढे बसले. त्याच खाणीत त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता. बायको मागे बसली.

पहिला तास झकास गेला. दोन ओढे ओलांडले, खाणीच्या रुळांवरच्या गंजक्या वाघिणींना वळसा घातला, मी शीळसुद्धा घातली. मग वाट जेमतेम जीपएवढी उरली आणि सासरे ओरडले, "दरी! दरी!"

दरी म्हटल्यावर शहाणा माणूस काय करतो? मी गाडी डोंगराकडे वळवली. डोंगराने एक आरसा ठेवून घेतला.

"अहो जावईबापू, दरी म्हटलं ना!"

"म्हणून तर पळालो!"

"पळायचं नाही, घ्यायची! दरी म्हणजे दरीच्या अंगाने घ्या."

खाणीच्या ड्रायव्हरांत डावं-उजवं नव्हतंच. डावं कुठलं ते आठवेपर्यंत ट्रक खाली पोचायचा, दरी मात्र सगळ्यांना दिसते, असं त्यांचं म्हणणं.

पटलं. पुढच्या वळणावर ते म्हणाले, "डोंगर!" मी तत्परतेने वळवली. पण वळणावर डोंगराने बाजू बदलली होती, मला न विचारता. मागचं चाक खाणीच्या भुसभुशीत मातीत रुतून गरगरू लागलं. समोर मला सोमवार दिसला.

"उतरा," बायको म्हणाली. लहानपणी ती बापाच्या ट्रकमध्येच वाढली होती. तिने सीट पुढे ओढली, खालचा गिअर टाकला. "हं, सांगा बाबा."

"दरी... अजून दरी... डोंगर... आता दरी!"

जीप हिसका देऊन सुटली आणि बाप-लेक हसत, ओरडत दिसेनासे झाले. मी कमरेवर हात ठेवून पायी निघालो. वरून हॉर्न वाजत होता, थांबायचं नाव नाही.

खाणीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दोघं बॉनेटवर बसून पाय हलवत होती.

"मग," मी धापा टाकत विचारलं, "उद्या विकायची ना?"

"वेड लागलंय का तुम्हाला? बाबा, उतरताना पलीकडच्या वाटेने जाऊ. ती जास्त वाईट आहे ना?"

"भयंकर!" सासरे आनंदाने म्हणाले.

मी निमूट मागे बसलो. तिथून दरी फार सुंदर दिसते म्हणे. डोळे उघडले की सांगतो.