पलीकडचं उमुझीरी

शुक्रवारी निहारिकाचा पाय एका जागी ठरत नव्हता. कॉल संपला की किचन, चहा तसाच टाकून पुन्हा लॅपटॉप. आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या तिच्या कंपनीने नायजेरियातल्या नदीकाठच्या एका शहराचा आणि आसपासच्या गावांचा नकाशा केला होता. पूर येणार असला की यादीतल्या गावांना फोनवर इशारा जायचा. आज सकाळीच इशारे गेले होते आणि मॅनेजर ‘ग्रँड’, म्हणजे सगळं ठीक, म्हणून मोकळा झाला होता. हिच्या मनात मात्र काहीतरी खुपत होतं.

महिन्याभरासाठी गावाहून आलेले तिचे वडील, बाळासाहेब, मागून डोकावले. “ह्या नदीला गावं मोप दिसत्यात की!”

“जास्तच होती, आप्पा. उमुझीरी दोनदा आलं होतं, एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. डुप्लिकेट म्हणून पलीकडचं उडवलं मी.”

“उडवलं? अगं, आपलं वडगाव बुद्रुक अन् वडगाव खुर्द एकच हाय व्हय? मधनं वढा जातोय. उद्या कुणी खुर्द पुसलं, तर तुझ्या आत्यानं कुठं जावं?”

निहारिकाने पुसलेली नोंद पुन्हा उघडली. सुट्ट्या आत्याकडे काढलेली पोर, आणि तिला हे सुचू नये! स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. तिने एबेलेला फोन लावला. एबेले कंपनीची तिथली माणूस, गावोगाव फिरून नावं गोळा करणारी.

“पलीकडच्या उमुझीरीत वस्ती आहे?”

“माझी आई राहते तिथे,” एबेले म्हणाली. “मागच्या वर्षी आपला इशारा आला तेव्हा सगळे निघाले होते. यंदा आला नाही, म्हणून निवांत आहेत. का गं?”

दोष सिस्टिमवर ढकलता आला असता. “चुकून यादीतून तुझ्या आईचं गाव पुसलं गेलं. त्यांना आत्ताच निघायला सांग,” एवढंच ती बोलली. गाव परत यादीत घातलं, इशारा पाठवला. मग दोन तास खिडकी ते टेबल, टेबल ते खिडकी. आप्पा “बस की जरा” म्हणाले, तर ती त्यांच्यावरच वसकन ओरडली.

अखेर फोन वाजला. मागे होडीच्या इंजिनाची घरघर, माणसांचा कालवा.

“सगळे बाहेर पडले. अंगणात पाणी शिरलं होतं.” एबेलेला धाप लागली होती. “आई विचारतेय, आमचं गाव पुसलं कुणी?”

निहारिका खुर्चीत टेकली.

“मी,” ती म्हणाली.