चारशे बारा क्रमांकाची दुरुस्ती

आल्याचं बिस्कीट चहात बुडवलं तर नऊ सेकंद तग धरतं. दहाव्या सेकंदाला त्याची कड सुटते आणि अकराव्याला ते तळाशी जातं. डेस ट्रेगेन्झाला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. तो दर वेळी सातव्या सेकंदाला बिस्कीट वर काढतो. त्या रविवारी त्याने ते बावीस सेकंद धरून ठेवलं. अर्धं बिस्कीट गेलं तरी उरलेलं अर्धं तसंच चिमटीत होतं, आणि नजर लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एका छोट्या हिरव्या खुणेवर होती.

ती खूण मी केली होती, सकाळी सव्वानऊला. तिच्यामुळे इतका गोंधळ होईल असं मला वाटलं नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही पाच जण वॉलरू गावच्या बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्यांच्या क्लबच्या, मागच्या खोलीत जमतो. क्लबचे लोक आम्हाला 'कॉम्प्युटरवाले' म्हणतात आणि जुने प्रिंटर आमच्या दाराशी आणून ठेवतात. आमचं खरं काम म्हणजे पोटोरू. पोटोरू हा डेसने चौदा वर्षांपूर्वी लिहिलेला एक प्रोग्रॅम. छतावरचं पाणी ज्या टाकीत साठवतात, त्या टाकीत किती पाणी उरलंय ते तो फोनवर सांगतो. फुकट आहे, आणि त्याचा कोड कुणीही उघडून बघू शकतो, सुधारू शकतो. साधारण चार हजार घरं तो वापरतात, टास्मानियातली एक डेअरी वापरते, आणि नॉर्वेतला आस्लाक नावाचा एक माणूस घरच्या बिअरच्या पिंपावर वापरतो. सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच असतात.

डेस पूर्वी बंदरावरच्या धान्याच्या कोठारात इलेक्ट्रिशियन होता. निवृत्त झाल्यापासून तो पोटोरू सांभाळतो, म्हणजे सकाळी उठून चार हजार घरांच्या शंकांना उत्तरं देतो. मी इथल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सभेचं इतिवृत्त लिहायला कुणीतरी हवं होतं आणि माझं अक्षर बरं आहे, म्हणून मी.

हिरव्या खुणेची गोष्ट मंगळवारी सुरू झाली. डेसची बायको नेरिडा टाकीच्या पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत आली.

"हे प्यायला चालेल का सांग," ती म्हणाली. "कॅरॅव्हॅनमध्ये भरायचंय."

"कुठे निघालात?"

"निघालात नाही, निघाले. रविवारी चारला. उत्तरेकडे, डार्विनपर्यंत. तीन वर्षं झाली ती व्हॅन अंगणात उभी राहून. आता तिच्यात तीन कोंबड्या राहतात. रविवारी कोंबड्या बाहेर आणि मी आत. आणि व्हॅनमध्ये लॅपटॉप येणार नाही, हे ठरलंय."

"आणि डेस?"

"तो म्हणतो, मंजुरी आली की येतो."

"कसली मंजुरी?"

"ते तुम्हा लोकांनाच ठाऊक. झोपेत चारशे बारा, चारशे बारा असं काहीतरी पुटपुटतो. आधी मला वाटलं एखाद्या बाईच्या घराचा नंबर असेल. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं."

संध्याकाळी मी चारशे बारा उघडलं.

पोटोरूमध्ये कुणालाही काही बदलायचं असलं की तो आधी प्रस्ताव मांडतो. आमच्यापैकी दोघांनी मंजुरीची हिरवी खूण केली की बदल आत जातो. स्वतःच्या प्रस्तावाला स्वतः खूण करता येत नाही. हा नियम डेसनेच केलेला आहे. कॉलिनने एकदा परस्पर केलेल्या बदलामुळे शेजारच्या टाकीत उणे चाळीस हजार लिटर पाणी दिसायला लागलं होतं आणि शेजाऱ्याने घाबरून टँकर मागवला होता, त्यानंतरचा. दुसरा नियम कॉलिनचा: आधी स्वरूप, मग मजकूर. म्हणजे प्रस्ताव नीटनेटका मांडलाय की नाही यावर एकमत झाल्याशिवाय त्यात काय म्हटलंय याची चर्चा करायची नाही.

चारशे बारा हा प्रस्ताव तीन वर्षं दोन महिने जुना होता. डेसचाच. त्याचं शीर्षक होतं, 'किरकोळ आवराआवर'. त्यावर एकशे सत्तेचाळीस शेरे होते. फाइलच्या शेवटी एक रिकामी ओळ राहिलीय, हा कॉलिनचा. तारीख आधी वर्ष लिहून द्यावी, हा ब्रॉन्टीचा. फाइलचं नावच बदलावं, हा आस्लाकचा, त्यालाच चौसष्ट उत्तरं. साठ दिवस कुणी काही बोललं नाही की आमचं यंत्र आपोआप 'यात कुणाला रस दिसत नाही' असं लिहून प्रस्ताव बंद करतं. तसं सात वेळा झालं होतं आणि सातही वेळा डेसने तो पुन्हा उघडला होता. एकदा कॉलिनने त्या यंत्राशी मोठ्या सभ्यतेने वादही घातला होता.

मजकूर एका ओळीचा होता. पोटोरू कोण कोण सांभाळतं त्या यादीतली एक ओळ काढून टाकायची होती. ओळ अशी: 'डेसमंड ट्रेगेन्झा – सर्व काही.'

मी ती तीनदा वाचली. मग बाकीचे शेरे पुन्हा पाहिले. तीन वर्षांत कुणीही मजकुरापर्यंत पोचलं नव्हतं. मीसुद्धा नाही, माझा एक शेरा होता, स्वल्पविरामाबद्दल.

हे कुणाला सांगावं असं मला वाटलं नाही. ज्याने सांगायचं त्यानेच सांगायला हवं. पण खूण करायचा अधिकार मलाही आहे. चार दिवस विचार करून रविवारी सकाळी मी ती केली. आता आणखी एक लागणार होती.

सभा सुरू झाली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती. तिथे गाडीमागे जोडलेली पांढरी कॅरॅव्हॅन तीन गाड्यांची जागा अडवून आडवी उभी होती. पुढच्या गाडीत नेरिडा शब्दकोडं सोडवत बसली होती. डेसची पाठ खिडकीकडे होती. तो मुद्दामच तसा बसला असावा.

"काल एक बाई ओव्हन घेऊन आल्या," हियू म्हणाला. हियूचं मुख्य रस्त्यावर फोन दुरुस्तीचं दुकान आहे. "फोन नाही, ओव्हन. म्हणाल्या, हा म्हणतो नव्या अटी मान्य करा, तोवर तापत नाही."

"मग तू काय केलंस?" ब्रॉन्टीने विचारलं.

"मान्य केल्या. कोंबडी आत होती."

"हेच," कॉलिन पास्को म्हणाला. "हेच मी वीस वर्षं सांगतोय. आज ओव्हन, उद्या दाराची कडी."

"तुझ्या दाराला कडीच नाहीये, कॉलिन."

"कारण तिचा कोड कुणी दाखवत नाही."

कॉलिन रेल्वेत सिग्नल सांभाळायचा. ज्याच्या आत काय चाललंय ते बघता येत नाही असं यंत्र घरात आणायचं नाही, हा त्याचा बाणा. त्यामुळे त्याचं कपडे धुण्याचं यंत्र सत्त्याऐंशी सालचं आहे आणि शर्ट त्याच्याही आधीचे वाटतात. ब्रॉन्टी आमच्यात सगळ्यात लहान, चौतीस वर्षांची. ॲडलेडच्या एका मोठ्या कंपनीचं काम घरून करते. तिच्या कंपनीत दर सोमवारी कुणीतरी जाहीर करतं की यापुढे सगळा कोड यंत्रच लिहिणार, आणि दर शुक्रवारी तो ब्रॉन्टी निस्तरते.

"दाखवला तरी तू बघणारेस का?" ती म्हणाली. "ओपन सोर्सचं हेच आहे बघ. सगळ्यांना दिसतं, म्हणून कुणीच बघत नाही. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल."

"पोटोरूचं तसं नाही," कॉलिन म्हणाला. "इथे एकेक ओळ पारखून घेतली जाते."

डेसने घोटभर चहा घेतला आणि त्यातलं बिस्कीट त्याच्या मिशीला लागलं.

"लोकांना ना कोड हवा असतो ना सॉफ्टवेअर," हियू म्हणाला. "त्यांना आईचे फोटो परत हवे असतात. चौदा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला विचारलं नाही की बाबा, याचा कोड उघडा आहे का."

"म्हणून तर जग रसातळाला चाललंय."

"जाऊ दे ना. वाटेत माझं दुकान लागतं."

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजायला वीस मिनिटं होती. "विषय सहावा," मी म्हणाले. "प्रस्ताव चारशे बारा."

कॉलिनने सुस्कारा सोडला. "अरे देवा, ते अजून आहे?"

"सकाळी एक मंजुरी आलीय," डेस म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "आणखी एक आली की झालं. काही विशेष नाही. एकच ओळ आहे."

"कुणी दिली?" ब्रॉन्टीने लॅपटॉप जवळ ओढला. "सेक्रेटरीबाईंनी? तू कधीपासून मंजुऱ्या द्यायला लागलीस?"

"आजपासून," मी म्हणाले.

"मग मीही देतो, संपवा एकदाचं," हियू म्हणाला आणि त्याने बोट उचललं. डेस टेबलाची कड धरून बसला. 

"थांब, थांब," ब्रॉन्टी म्हणाली. "तारखेचं काय ठरलं शेवटी?"

"तारीख त्यात नाहीच," डेस म्हणाला.

"तेच तर. नाहीये. ओळ काढतोयस तर कधी काढली ते नको लिहायला? नाहीतर पाच वर्षांनी कुणी विचारलं की बाबा इथे काय होतं, तर काय सांगायचं?"

हियूचं बोट हवेतच राहिलं. "काय होतं तिथे?"

"तो मजकूर झाला," कॉलिन म्हणाला. "आधी स्वरूप."

"नुसतं वाचतो रे."

"आज तू वाचशील, उद्या सगळेच वाचायला लागतील. नियम तो नियम. मला तारखेपेक्षा त्या रिकाम्या ओळीची काळजी आहे. ती अजून तिथेच आहे, डेस. तीन वर्षं मी सांगतोय."

"काढतो मी ती ओळ, कॉलिन. आत्ता काढतो."

"तू काढलीस तर प्रस्ताव बदलला. बदलला की आधीची मंजुरी रद्द."

हे खरं होतं. हाही डेसचाच नियम. त्याने कीबोर्डवर ठेवलेला हात मागे घेतला.

बाहेर हॉर्न वाजला, एकदाच आणि छोटा. आम्ही सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. डेसने पाहिलं नाही.

"ती व्हॅन कुणाची आहे?" कॉलिन म्हणाला. "तीन गाड्यांची जागा अडवलीय. असल्या व्हॅनच्या ब्रेकमध्येसुद्धा आता सॉफ्टवेअर असतं, ठाऊक आहे? कुणी लिहिलं, कुणी तपासलं, काही पत्ता नाही. मी तर बसणार नाही."

"तुला कुणी बोलावलंय का?" ब्रॉन्टी म्हणाली.

नेरिडा मला बोलली नव्हती की ती क्लबसमोर थांबणार आहे. डेसला ते ठाऊक असावं, कारण हॉर्न वाजला तसा तो खुर्चीत थोडा खाली सरकला होता. सव्वातीन झाले. ब्रॉन्टी म्हणाली, आस्लाकचं मत घ्यायला हवं. कॉलिन म्हणाला, नॉर्वेत आत्ता पहाट आहे. हियू म्हणाला, बिअर करणारा माणूस पहाटे जागा असतोच. आस्लाकला विचारलं. तो जागा होता. त्याने लिहिलं की यादीतली नावं आडनावाप्रमाणे लावलेली नसताना त्यातलं एखादं काढणं त्याला घाईचं वाटतं.

"मुद्दा बरोबर आहे," कॉलिन म्हणाला.

साडेतीन झाले. पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी जरा लांब. हिरवळीची देखभाल करणारा माणूस नेरिडाच्या गाडीच्या खिडकीशी वाकून काही बोलला आणि लगेच मागे सरला.

"असं करूया," कॉलिन म्हणाला. गोष्ट मिटवताना त्याचा आवाज फार प्रेमळ होतो. "हा प्रश्न एका ओळीचा नाही. यादीतून नाव काढायची आपल्याकडे काही पद्धतच नाही, हा आहे. तेव्हा एक उपसमिती नेमू. तिने पद्धत ठरवावी, मार्चमध्ये अहवाल द्यावा. तोवर चारशे बारा जसा आहे तसा उघडा ठेवू."

"चालेल," ब्रॉन्टी म्हणाली. "पण अध्यक्ष कोण?"

"त्यात विचारायचंय काय? पोटोरू ज्याला तळहातासारखा ठाऊक आहे तो. ज्याच्याकडे वेळ आहे तो." कॉलिनने डेसच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा डेस."

हियूने हात वर केला. ब्रॉन्टीने केला. कॉलिनचा एक हात डेसच्या खांद्यावर होता, त्याने दुसरा केला. मग तिघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी हात वहीवरून उचलला नाही.

"एक विरोधात," कॉलिन म्हणाला. "लिहून घे. कारण?"

"कारण डेस सांगेल," मी म्हणाले.

चार वाजायला अकरा मिनिटं होती. बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं. डेसने आधी पडद्याकडे पाहिलं, मग आमच्या प्रत्येकाकडे, डावीकडून उजवीकडे, एखाद्या यादीवरून बोट फिरवावं तसं. त्याने लॅपटॉप मिटला. चौदा वर्षांत सभा चालू असताना त्याने लॅपटॉप मिटल्याचं माझ्या नोंदीत कुठेही नाही.

"ती व्हॅन माझी आहे," तो म्हणाला.

"अरे मग जरा पुढे घे ना," कॉलिन म्हणाला.

"घेतोय. डार्विनपर्यंत घेतोय." डेस उभा राहिला. कॉलिनचा हात त्याच्या खांद्यावरून घसरला. "चारशे बारा क्रमांकातली ओळ माझ्या नावाची आहे, कॉलिन. तारीख नको, रिकामी ओळ राहू दे, आणि आस्लाकला काय हवं ते नाव ठेवू दे फाइलला. मी पोटोरू सोडतोय."