जरा आवाज करणारं मशीन दाखवा

दर रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजली, की थोरली कपाळाला हात लावायची. भावोजी यायचे ते लाकडं फोडायला, म्हणजे तिच्याच भल्यासाठी, आणि जो आपल्या भल्यासाठी येतो त्याला हाकलताही येत नाही. नवरा जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. तो होता तेव्हा थंडी पडायच्या आधीच घर ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीचं सगळं सरपण मान खाली घालून फोडायचा आणि परसातल्या छपराखाली रचून मोकळा व्हायचा. तो गेल्यावर त्याच्या धाकट्या भावाने चार माणसांसमोर जाहीर केलं, की वहिनींच्या शेगडीची जबाबदारी यापुढे माझी. ते ऐकून तेव्हा थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाणी आताही यायचं, पण कारण वेगळं होतं.

भावोजी जन्मभर वजनं-मापं तपासणारे निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की दुकानदार उठून उभा राहायचा, खुर्ची पुसून द्यायचा आणि हात बांधून ते सांगतील ते ऐकत राहायचा. सगळी नोकरी अशी काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर श्रोते कुठून मिळणार? ते थोरलीच्या परसात मिळाले. एक ओंडका उभा करायचा, कुऱ्हाड उचलायची, तेवढ्यात काहीतरी आठवायचं, मग कुऱ्हाड खाली ठेवायची आणि दोन्ही हात मोकळे करून सांगायला लागायचं. हातवाऱ्यांशिवाय त्यांना बोलताच येत नसे. शेजाऱ्याची भिंत कशी वाकडी आहे, अमक्या दुकानदाराने पारड्याखाली मेण कसं लावलं होतं, आपला गुडघा कोणत्या डॉक्टरला कसा कळलाच नाही. एका ओंडक्यामागे एक गोष्ट, आणि ओंडका गाठाळ निघाला तर कादंबरी. थोरलीने समोरच्या पायरीवर बसून हं म्हणायचं आणि मध्ये एकदा चहा आणायचा. तो चहाही गार व्हायचा, कारण कप धरायला हात रिकामा नसायचा.

बरं, एकदाच काय ते फोडून टाकावं, तर तेही नाही. मोजून आठवड्यापुरतं. शनिवारी शेवटची ढलपी शेगडीत गेली की रविवारी कडी वाजलीच. हा माणूस मुद्दाम आपल्याला टांगून ठेवतोय, अशी थोरलीची पक्की खात्री झाली होती. तिने स्वतः कुऱ्हाड उचलून पाहिली, पण उजवा खांदा आखडलेला, हात कानाच्या वर जाईना. मग एका मजुराला बोलावलं. भावोजी त्याच्या शेजारी उभे राहिले आणि कुऱ्हाड कशी धरतात ते त्याला समजावून सांगू लागले. जेवायच्या वेळेपर्यंत तो मजुरी न घेताच निघून गेला.

शेवटी थोरलीने ठरवलं, की लाकूड फोडायचं मशीन आणायचं. आपलं सरपण आपण फोडायचं आणि रविवारी पाय पसरून पडायचं. हा बेत तिने फक्त धाकटीला, म्हणजे भावोजींच्या बायकोला सांगितला, तोही विश्वासात घेऊन. धाकटी म्हणाली, की एकटीने जाऊ नका, दुकानदार गंडवतात, मी येते.

दुकान पंपांचं, फवारणीच्या आणि गवत कापायच्या यंत्रांचं होतं. आत शिरताच तेलाचा आणि नव्या रबराचा वास नाकात बसला. दुकानदार भला माणूस होता. थोरलीने खांद्याची तक्रार सांगितली, तसा त्याने आधी हाताने दांडा दाबून चालवायचं मशीन दाखवलं आणि हे तुमचं काम नाही म्हणून स्वतःच बाजूला सारलं. मग विजेवर चालणारं एक आडवं मशीन पुढे आणलं. बुटकं, बाकासारखं, एका टोकाला पोलादी पाचर. ओंडका आडवा ठेवायचा, मागून दट्ट्या येतो, ओंडक्याला पाचरीवर नेऊन दाबतो आणि त्याचे दोन तुकडे. खांदा उचलायला नको, घाम गाळायला नको. त्याने एक ओंडका फोडूनही दाखवला. मशीन मांजरीसारखं गुरगुरलं आणि लाकूड कर्र करून उकललं. थोरली हरखून गेली.

धाकटीने मात्र नाक मुरडायला सुरुवात केली. हे फारच बुटकं आहे, वाकून कंबर जाईल. वायर तोकडी आहे. गाठीच्या लाकडात अडकेल. दुकानदाराने गाठीचं लाकूड आणून फोडलं, तर म्हणे रंग डोळ्यांत खुपतो. दुकानदाराने हिरवं आणलं, तर हिरवं गवतात दिसायचं नाही, कुणीतरी अडखळून पडेल. दुकानदार घाम पुसत पाणी प्यायला गेला. थोरलीच्या लक्षात आलं, की ही नवऱ्याची बाजू घेऊन आली आहे. तिने धाकटीला दंडाला धरलं आणि दुकानाच्या मागच्या अंगणात नेऊन उभं केलं.

धाकटी खाली मान घालून म्हणाली, "जाऊबाई, मशीन घेऊ नका."

"का? भावोजींना वाईट वाटेल म्हणून?"

"नाही. ते रविवारी घरी राहतील म्हणून."

थोरलीने तिचा दंड सोडला. मग धाकटीने तोंड उघडलं आणि इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं. घरी भावोजी तिच्या मागे मागे फिरत बोलतात. ती स्वयंपाकघरात तर ते दारात, ती न्हाणीघरात तर ते बाहेर उभे. डाळीचं माप चुकतंय, कपड्यांच्या घड्या चुकतायत, फुंकर मारून चहा पिणं कसं चूक आहे. रविवारी सकाळी ते कुऱ्हाड घेऊन बाहेर पडले, की ती दाराला आतून कडी घालते आणि खिडकीजवळच्या उन्हात जमिनीवर आडवी होते. झोपत नाही, वाचत नाही, काही करत नाही. घरात कुणी बोलत नाही एवढंच ऐकत पडते.

"तुमचा रविवार जातो, कबूल आहे," ती म्हणाली. "पण जाऊबाई, माझे बाकीचे सगळे वार जातात."

थोरलीला तिची दया आली आणि तेवढाच रागही आला. म्हणजे हिच्या उन्हाची किंमत आपल्या कानांनी मोजायची. मग दोघी जावा एरंडेल कुणी प्यायचं यावर भांडणाऱ्या पोरींसारख्या घासाघीस करू लागल्या. थोरली म्हणाली, एकाआड एक रविवार ठेवू. धाकटी म्हणाली, थंडीत तुम्ही, उन्हाळ्यात मी. थोरली म्हणाली, उन्हाळ्यात सरपण लागतं कुठे, मला काय खुळी समजलीस? एरवी फारसं न पटणाऱ्या या दोघींचं लग्नापासून इतकं मोकळं बोलणं झालं नव्हतं.

एवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यात दुकानाच्या कारागिराने पेट्रोलचं एक मशीन चालू केलं. उभं, माणसाच्या उंचीचं, चाकांवरचं. दोरी ओढली आणि धडधड अशी सुरू झाली, की खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. धाकटी बोलतच होती. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, डोळ्यांत पाणी होतं आणि थोरलीला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिने धाकटीकडे पाहिलं. मग मशीनकडे पाहिलं. मग पुन्हा धाकटीकडे पाहिलं आणि हसायलाच लागली.

दुकानदार धावत आला, कारागिराला मशीन बंद करायला लावलं आणि आवाजाबद्दल माफी मागू लागला. बायकामाणसांना हे नको, तो म्हणाला, याच्यावर काम करायचं तर कानांना जाड झाकणं लावावी लागतात. धाकटीच्या डोक्यात तोवर प्रकाश पडला होता. तिने बारीक आवाजात विचारलं, की ती झाकणं लावली की माणसाला दुसऱ्याचं ऐकू येतं का? अजिबात नाही, दुकानदार म्हणाला. आणि पाचर खाली आणायला दोन मुठी आहेत, दोन्ही हातांनी धरून ठेवाव्या लागतात. एक जरी सुटली तरी पाचर थांबते, म्हणजे बोटं मध्ये यायची भीती नाही.

"म्हणजे हातवारे करता यायचे नाहीत," धाकटी म्हणाली.

दुकानदाराला हा प्रश्न आहे की काय ते कळेना. थोरलीने विचारलं, "याहून जरा जास्त आवाज करणारं आहे का?"

होतं. जुन्या घडणीचं होतं, दोन वर्षं पडून होतं आणि त्याच्या आवाजामुळे कुणी त्याला हात लावत नव्हतं. तुमच्या खांद्याला त्याची दोरी ओढवणार नाही, असं दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं. ओढणारा माणूस आहे, थोरली म्हणाली.

प्रश्न उरला तो भावोजी मशीनला हात लावतील का, एवढाच. तो धाकटीने सोडवला. या मशीनला दाब दाखवणारं एक मापक आहे, पण त्यावर विश्वास ठेवावा की नाही ते जाणकारालाच सांगता येईल, असं तिने घरी सहज बोलून टाकलं. रविवारी कडी नेहमीपेक्षा लवकर वाजली. भावोजींनी मशीनभोवती फेरी मारली, मापकावर टिचकी मारली, ते चूक दाखवतंय असा निकाल दिला आणि खूश होऊन कानांना झाकणं लावली. मग दोरी ओढली. थोरली घरात गेली, पलंगावर पाय पसरून पडली आणि त्या धडधडीत तिला कित्येक महिन्यांनी शांत वाटलं.

ही शांतता चहाला उकळी येईपर्यंत टिकली. आठवड्याचं सरपण फुटून संपलं होतं आणि भावोजी झाकणं काढून पायरीकडे निघाले होते. आवाज पारखून मशीन घेतलं, पण ते भराभर फोडतंही, हे दोघी शहाण्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. थोरलीने खिडकीतूनच ओरडून सांगितलं, की आता सुरू केलंच आहे तर सगळ्या थंडीचं फोडून टाका. भावोजींनी ओंडक्यांच्या ढिगाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा दोरी ओढली.

असेच आणखी काही रविवार गेले. धाकटी उन्हात पडत होती, थोरली पलंगावर, आणि भावोजी दोन्ही मुठी धरून मुकाट्याने ओंडके फोडत होते. छपराखाली ढलप्यांची रास आढ्याला टेकली. मग एका रविवारी मशीन मध्येच बंद पडल्यासारखं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. थोरली बाहेर आली, तर ओंडके संपले होते. भावोजी पायरीवर बसले होते. झाकणं मांडीवर होती, हात नुसतेच पडलेले होते.

"झालं सगळं," ते म्हणाले. "आता पुढच्या रविवारी काय?"

घरी आराम करा, असं थोरलीच्या जिभेवर आलं होतं. पण भावोजींनी तिच्याकडे न बघताच पुढे बोलायला सुरुवात केली, आणि आज त्यांचे हात हलत नव्हते.

"घरी रविवारी मी नको असतो, वहिनी. मी चपला घालायच्या आधीच ती दार उघडून धरते. मला काय कळत नाही? इथे यायला काम तरी होतं. म्हणून तर आठवड्याचंच फोडायचो."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस आपल्याला टांगून ठेवतोय असं ती मनात धरून बसली होती, आणि तो स्वतःच लटकलेला होता. खोटं हं म्हणायची आता तिला लाज वाटली.

"भावोजी, एक सांगते, रागवू नका. मी कधी काही ऐकत नव्हते. नुसतं हं म्हणायचे."

"माहितीय. एकदा मी एकच गोष्ट लागोपाठच्या रविवारी सांगून तपासलं होतं. तुम्ही दर वेळी त्याच जागी हं म्हणालात."

"मग तरीही सांगत होतात?"

"तुम्ही उठून जात नव्हता ना," भावोजी म्हणाले.

थोरलीने पदराने पायरी झटकली आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बसली. पुढच्या रविवारी नुसतेच या, ती म्हणाली, आणि काय सांगायचं ते सांगा. भावोजींनी मान हलवली. मग झाकणं बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हात मोकळे केले आणि त्या मशीनचं मापक नेमकं कुठे चुकतंय ते सांगायला सुरुवात केली. पहिली चार-पाच वाक्यं थोरलीने खरोखर मन लावून ऐकली. त्यानंतर तिचं लक्ष उडालं, पण ती उठली नाही.