अर्ध्याच नावाची चिठ्ठी

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेलो आहे! आधीच सांगतो, नंतर म्हणू नका की हा गोड का बोलत नाही. काचेच्या पेटीत कोंडलेल्या कर्ण्यानं गोड बोलायचं तरी का?

जन्मानं मी डबा, तोही डुकराच्या चरबीचा. अलाबामातल्या आमच्या बेथेल गावात त्या चरबीवाचून कुणाची चूल पेटत नसे. झिबडीमामा छपरांना पत्रे बसवायचा. त्यानं मला कापलं, गुंडाळलं, डाख दिला आणि भाच्याच्या हाती ठेवलं. "घे लॉन्झ्या! तुझ्या आवाजानं आमचे कान किटले. आता जरा कोर्टातल्यांचे किटू देत!"

हा लॉन्झ्या म्हणजे अलॉन्झो टॉलिव्हर. काळा, काटकुळा, बावीस वर्षांचा. मतदार म्हणून आमची नावं लिहून घ्या, एवढंच आमचं मागणं होतं. आम्ही कोर्टात गेलो की गोरा कारकून खिडकी लावून घ्यायचा. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत! लॉन्झो माझ्यातून ओरडायचा, "आज कोण आलंय?" रांग गरजायची, "आम्ही!" "उद्या कोण येणार?" "आम्हीच!"

सत्तावीस दिवस हे चाललं. अठ्ठाविसाव्या दिवशी शेरीफच्या माणसानं दंडुका उगारला. पहिला तडाखा मी झेलला, माझ्या कडेला हा एवढा पोचा पडला. दुसऱ्यानं लॉन्झोचे दोन दात गेले. रविवारी चर्चमधल्या बायकांनी मला आपल्या रुमालांनी पुसलं. काय ते कौतुक!

त्याला तुरुंगात टाकलं. तिथे त्याला एक म्हातारा कैदी भेटला. दिवसातून पाच वेळा देवापुढे वाकणारा, पण पहारेकऱ्यापुढे एकदाही न वाकणारा. लॉन्झो बाहेर आला तो सालिम अब्दुल-हक होऊन. पुढे लोक त्याला इमाम म्हणू लागले. तोवर मी कुठे होतो? त्याच्या थोरल्या बहिणीच्या, व्हर्नेलताईच्या स्वयंपाकघरात. मक्याचं पीठ ओतायचं नरसाळं झालो होतो!

"ताई, माझा कर्णा दे."

"तो लॉन्झोचा आहे. सालिम-बिलिम मी ओळखत नाही. आईनं ठेवलेलं नाव टाकलंस, आता माझं नरसाळंही नेतोस?"

"नाव आईनं ठेवलं गं, पण टॉलिव्हर हे आडनाव? ज्यानं आपल्या खापरपणजोबाला विकत घेतलं त्याचंच ना ते?"

ताईनं थाळी आदळली. "जेव आधी. पाल्याच्या भाजीत आज डुक्कर घातलेलं नाही. तुझ्यासाठी नाही हं, मला पित्त झालंय म्हणून!"

कुरकुरत का होईना, ताईनं मला देऊन टाकलं. मशीद भरली ती धोब्याच्या एका बंद पडलेल्या दुकानात. पहिल्या शुक्रवारी इमामांनी अजानसाठी मला उचललं, तर झुबेर किंचाळला. तो मुसलमान होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, म्हणून उत्साह दांडगा. "इमामसाहेब, हा तर चरबीचा डबा! आत डुकराचं चित्रसुद्धा आहे!"

"दंडुका खाताना यानं विचारलं नव्हतं, मी काय खातो ते," इमाम म्हणाले. "जा, सात वेळा धू. पण पोचा सरळ करायचा नाही. तो माझ्या तोंडावर बसायचा होता."

झुबेर मला घासत राहिला, पुटपुटत राहिला. चित्र गेलं, पोचा राहिला. पुढे चाळीस वर्षं माझ्यातून अजान झाली. गल्लीच्या कोपऱ्यावर नशेचं विष विकणाऱ्या पोरांना इमाम माझ्यातूनच नावानिशी हाका मारायचे. "ए, तुझी आई मला ओळखते!" ते बिचारे लाजून पळायचे. आणि चर्चवाले काय म्हणाले? "आपल्या लढ्याचा कर्णा बाटवला!" म्हणजे इकडे मी चरबीचा, तिकडे मी बाटगा. अरे, आवाज तर एकाच माणसाचा होता ना?

इमाम वारले. लढ्याचं प्रदर्शन मांडायचं म्हणून कोर्टवाल्यांनी मशिदीतून गोड गोड बोलून मला मागून आणलं आणि त्याच कोर्टात, त्याच खिडकीपाशी, काचेत ठेवलं. खाली चिठ्ठी लावली: 'अलॉन्झो टॉलिव्हर, मतदानाच्या हक्काचा लढवय्या.' बस्स! चाळीस वर्षं गिळून टाकली! आणि मला देखणा करायला माझा पोचाही ठोकून सपाट केला. मारलं यांनीच, पुसलंही यांनीच!

व्हर्नेलताई मला बघायला आली. पंच्याऐंशीची झाली होती, डोक्यावर रविवारची टोपी. कोपर धरायला पांढऱ्या दाढीचा झुबेर. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली.

"बाकीचं कुठाय?"

प्रदर्शनावर नेमलेली बाई हसून म्हणाली, "आजी, लोकांना हाच भाग आवडतो. फोटो काढायचा का? थांबा, हातात देते." तिनं काच उघडली.

ताईचा हात माझ्या कडेवरून फिरला. पोचा शोधत होता. सापडला नाही.

"पन्नास वर्षं मी त्याला त्याच्या नव्या नावानं हाक मारली नाही," ती म्हणाली. "ते आमचं बहीण-भावाचं भांडण होतं. तुम्ही कोण मध्ये पडणारे?"

आणि तिनं मला तोंडाला लावलं.

"आज कोण आलंय?"

झुबेर एकटाच गरजला, "आम्ही!"

"इमाम सालिम अब्दुल-हक यांची बहीण आलीय! ऐकू येतंय का वर? इमाम! सालिम! अब्दुल-हक!"

वरच्या मजल्यावरची दारं धडाधड उघडली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशीही.

चिठ्ठी अजून बदललेली नाही. म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू जपायची तर तिचे पोचे ठोकू नका, आणि माणूस आठवायचा तर सगळा आठवा, सोयीपुरता नको. इकडे आलात तर माझी चिठ्ठी वाचा आणि राहिलेलं नाव मोठ्यानं म्हणा. मला आता काचेतून ओरडता येत नाही. तुम्हाला येतं.

उद्या कोण येणार?