ओल्या फरशीचा नकाशा

“बाजूनं जा रे मेल्या! दिसत नाही का, इथं माणूस पडलंय?”

सिस्टर पॅसेजमध्ये उजव्या कुशीवर आडव्या झाल्या होत्या आणि फरशी पुसणारं ताटाएवढं गोल मशीन त्यांच्या नाकासमोर येऊन थबकलं होतं. क्षणभर विचारात पडल्यासारखं ते थांबलं, जागच्या जागी गिरकी घेतली आणि खरोखरच बाजूनं गेलं. खांद्याला वळसा, कोपराला वळसा, पुढं पसरलेल्या हाताला वळसा, मग कमरेच्या कडेकडेनं पार पायांपर्यंत. जाता जाता फरशीही पुसून गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका आज्ञाधारक वॉर्डबॉय सिस्टरना मिळाला नव्हता, आणि मिळाला तो या अवस्थेत.

वॉर्डबॉय हे नाव त्यांनीच ठेवलेलं. लेकीनं ते यंत्र आणून दिलं तेव्हा सिस्टरनी आधी नाक मुरडलं होतं. पण हा गडी पलंगाखाली जायचा, कपाटामागं जायचा, आणि काम उरकलं की आपल्या ठाण्यावर परत जाऊन पोटातला सगळा कचरा मोठ्या आवाजात तिथल्या पिशवीत ओकून टाकायचा. पुसायची फडकीही स्वतःची स्वतः धुवायचा. आपण फक्त मधूनमधून टाकीतलं घाण पाणी ओतून ताजं भरायचं. “कामाला ठेवलाय याला, आणि आंघोळीचं पाणी काढून देते मी,” असं त्या फोनवर कुरकुरायच्या. पण कुरकुरीत कौतुकच जास्त असायचं. सकाळचा चहा झाला की त्या खुर्चीत बसून त्याच्यावर देखरेख करायच्या. “ए, तो कोपरा राहिला,” म्हणायच्या. बोलायला कोणीतरी होतं घरात.

आज देखरेख सोडून त्या मध्येच उठल्या, चष्मा आणायला. फरशी नुकतीच पुसलेली. पायात मऊ सपाता. पुढचं त्यांना नीटसं आठवत नव्हतं, फक्त हात पुढं गेल्याचं आठवत होतं.

फोन ओट्यावर. हाक मारावी तर खिडक्या बंद. पण सिस्टर घाबरल्या नाहीत, कारण घाबरण्याआधी तपासायचं असतं. जन्म हाडांच्या वॉर्डात गेला होता. त्यांनी पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. गुडघा वाकवून पाहिला. कळ आली, पण वाकला. पाय आखूड दिसत नव्हता, बाहेर वळलेला नव्हता. “खुबा शाबूत,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि मग कोणी ऐकत नसल्यामुळं थोडंसं रडून घेतलं. त्यानंतर ढुंगणावर सरकत सरकत त्या सोफ्यापर्यंत गेल्या, त्याच्या आधारानं गुडघ्यांवर आल्या आणि उभ्या राहिल्या.

उभं राहिल्यावर पहिला विचार मनात आला तो दुखण्याचा नव्हताच. तो होता: हिला कळता कामा नये.

हिला म्हणजे लेकीला. मायलेकींचा एक करार होता. बाबा गेल्यापासून लेक मागं लागली होती, माझ्याकडं ये म्हणून. तिथं खिडकीची खोली तयार होती, जावई पोटच्या मुलासारखा होता. खरी अडचण तीच होती. सगळी माणसं इतकी चांगली की तिथं सिस्टरना कोणी इकडची काडी तिकडं करू दिली नसती. जन्मभर दुसऱ्यांच्या घंटांवर उठलेली बाई. आपल्या वेळेला उठायचं, आपल्या कपातून चहा प्यायचा आणि वाटेल तेव्हा दार लावून घ्यायचं, हे सुख तिला या दोन खोल्यांत पहिल्यांदा मिळालं होतं. भांडून भांडून शेवटी असं ठरलं की हातपाय चालताहेत तोवर आई इथं राहील. पण एकदा जरी पडली, तर वाद न घालता बॅग भरायची. सिस्टरनी तोऱ्यात हो म्हटलं होतं. पडणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती, आणि आपण त्यांतल्या नाही अशी त्यांची खात्री होती.

संध्याकाळी नेहमीप्रमाणं लेकीचा फोन आला.

“आई, आज काय ठेवलं होतंस गं पॅसेजमध्ये?”

“काय ठेवणार? कुठं काय?”

“अगं, मशीन मला नकाशा पाठवतं ना. कुठं पुसलं, कुठं राहिलं. पॅसेजमध्ये मधोमध एक मोठा तुकडा कोराच आहे.”

मशीन चहाडखोर आहे हे सिस्टरना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असणार. त्यांनी कानाआड केलं असणार. त्यांनी ठाण्यावर गरीब चेहरा करून बसलेल्या वॉर्डबॉयकडं रागानं पाहिलं आणि तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

“गादी होती. मी हल्ली पॅसेजमध्येच झोपते. वारा येतो छान. सकाळी उचलायची राहिली.”

“जमिनीवर? आणि उठतेस कशी?”

“कशी म्हणजे? पायांनी उठते. ठणठणीत आहे मी!”

लेक हसली. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या आणि तिनं फोन ठेवला. सिस्टरचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ नाही. कारण वॉर्डात त्यांनी असल्या थापा ढिगानं ऐकल्या होत्या. “पडलो नाही हो सिस्टर, नुसता बसलो.” “पाय मुरगळलाय जरासा.” चांगली शिकलीसवरलेली, नातवंडं असलेली माणसं लहान मुलांसारखी खोटं बोलायची, आणि सिस्टर त्यांना पकडायच्या. थाप पकडली जाते ती पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी माणूस गोष्ट बदलतो, तेव्हा. आज वारा येतो म्हणून पॅसेजमध्ये झोपणारी आई उद्या तिथं झोपली नाही, तर लेकीच्या मनात पाल चुकचुकणारच.

तेव्हा गोष्ट बदलायची नाही, असं सिस्टरनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर, वॉर्डबॉय निघायच्या आत, त्यांनी पलंगावरची गादी खाली ओढली. उजव्या खुब्यावर आता वांग्याच्या रंगाचा डाग उठला होता आणि पाऊल टाकलं की कळ मांडीपर्यंत जायची. दातओठ खात, भिंतीला टेकत, मध्येमध्ये थांबत त्यांनी ती गादी पॅसेजपर्यंत फरपटत नेली. वॉर्डबॉय आला, गादीला वळसा घालून गेला. मग त्यांनी ती परत पलंगावर चढवली. हे असं रोज चाललं. दुसऱ्या एखाद्या बाईनं हा वेडेपणा केला असता तर सिस्टरनी तिला फैलावर घेतलं असतं. दुखऱ्या खुब्यानं गादी ओढतेस? अक्कल गहाण टाकलीस का? पण रागवायला वरचं कोणी नव्हतं, आणि स्वतःवर रागावण्यापेक्षा गादी ओढणं सोपं होतं.

एकदा गादी दाराच्या चौकटीत अडकली. सिस्टर तिच्यावरच बसल्या. मशीन गुणगुणत समोरून आलं, थांबलं, वळलं. “तुझ्यामुळं हे सगळं,” त्या त्याला म्हणाल्या. पण तसं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. ओल्या फरशीवर पाऊल टाकू नका, असं वॉर्डात घसा फोडून ओरडणारी बाई कोण होती? त्या तिथंच बसून राहिल्या, आणि आपण म्हातारे झालो आहोत असं त्यांना पहिल्यांदाच, अगदी स्वच्छ, वाटलं.

सुटीच्या दिवशी लेक न कळवता आली. सिस्टरनी किल्ली फिरल्याचा आवाज ऐकला आणि लगबगीनं खुर्ची गाठली. लंगडताना दिसायचं नाही म्हणून बसूनच राहायचं, असा बेत.

“चहा तूच टाक गं. आज मी तुझ्या हातचा पिणार.”

लेकीनं चहा टाकला, कप आणून हातात दिला आणि समोर बसली. ती घरांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत होती. कागदावरची रेघ पाहून इथं भिंत की खिडकी हे सांगणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. सिस्टरनी सगळा विचार केला होता, हा तेवढा राहिला होता.

लेकीनं फोन काढून आईच्या पुढ्यात धरला. “हा कालचा नकाशा. ही गादी. बघ, सरळ चौकोन आहे.”

“मग? गादी चौकोनीच असते.”

“हा परवाचा. तोही चौकोन. त्याच्या आदले पण.” तिनं बोटानं चित्रं मागं मागं सरकवली आणि एका चित्रावर थांबली. तिचा आवाज बदलला. “आणि हा पहिल्या दिवशीचा. मी विचारलं होतं तो. त्या दिवशीच्या गादीला हात आहे, आई.”

सिस्टरनी पाहिलं. पुसलेल्या निळ्या फरशीत एक पांढरी जागा सुटली होती. खांदा होता, कमर होती, दुमडलेला गुडघा होता, आणि पुढं, काहीतरी धरायला निघाल्यासारखा, एक हात. त्यांनी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. किती लहान दिसत होतं ते माणूस!

“रोज फोनवर विचारत होते मी,” लेक म्हणाली. “कशी आहेस, म्हणून रोज. तू ठणठणीत म्हणायचीस. मी रोज हा नकाशा उघडून बघायची आणि वाट बघायची, आज तरी सांगेल म्हणून.” तिचे डोळे भरून आले. “मीच आणलं ना ते मशीन. मीच फरशी ओली केली.”

“वेडी आहेस का? मशीनचा काय दोष, आणि तुझा तरी काय?”

“मग सांग ना खरं! तुझ्या तोंडून सांग.”

सिस्टरनी कप खाली ठेवला. खुर्चीच्या हाताला धरून त्या उभ्या राहिल्या. कळ आली, ती त्यांनी लपवली नाही. पदर नीट केला. ड्यूटी संपली की वॉर्डातली सिस्टर पुढच्या पाळीच्या सिस्टरला खाटेखाटेची हकिगत सांगते. त्याला ओव्हर देणं म्हणतात. ओव्हर देताना बसायचं नसतं, रडायचं नसतं आणि काही झाकून ठेवायचं नसतं. कारण आपण झाकलेलं पेशंटला भोवतं.

“पेशंट बाई आहे,” त्या म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता, लेकीनं लहानपणी दाराआडून ऐकलेला. “सत्तरीच्या पुढची. घरात पॅसेजमध्ये पडली, ओल्या फरशीवर. शुद्ध गेली नव्हती. उजव्या खुब्याला मार आहे, काळानिळा झालाय. हाड मोडलेलं नाही असं पेशंट म्हणते, पण तिचं ऐकू नये, एक्स-रे काढून घ्यावा. पडल्यानंतर जड ओझं ओढलंय. रोज. सांगितलेलं ऐकत नाही. दुखणं लपवते.” त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी इतरांबद्दल कितीदा म्हटलं होतं, आणि ते इतकं अवघड असतं हे त्यांना कधी कळलं नव्हतं. “पेशंटला एकटं ठेवू नये.”

ओव्हर घेणाऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं, हे कदाचित लेकीलाही माहीत असावं. तिनं डोळे पुसले.

“मग? येशील ना माझ्याकडं?” तिनं विचारलं.

“पेशंटला विचारत बसतात का? नेतात.” सिस्टरनी खोलीकडं पाहिलं. “निळी बॅग कपाटावर आहे. माझा हात पोचत नाही तिथवर, हल्ली पोचत नाही. तू काढ. आणि माझा कप घे बरोबर, बाकीचं बघू.”

“आधी डॉक्टरकडं. बॅग नंतर.”

“हं. हे बरोबर बोललीस.”

लेक पुढं झाली आणि तिनं आईच्या काखेत हात घालून तिला जवळजवळ उचललंच.

“अगं अगं! काखेत नाही. खांदा निखळेल माझा. कमरेला धर, दुखऱ्या बाजूला उभी राहा. हं, अशी.”

लेकीनं हात बदलला. दोघी पॅसेजमधून दाराकडं निघाल्या. फरशी कोरडी होती. लेकीला घाई झाली होती, तिचं एक पाऊल आईच्या दोन पावलांएवढं पडत होतं, आणि सिस्टर तिच्या हाताला लोंबकळल्यासारख्या ओढल्या जात होत्या.

“पेशंटच्या पावलानं चालायचं असतं, बाळा,” त्या म्हणाल्या. “आपल्या नाही.”

लेक थांबली. मग तिनं आपलं पाऊल लहान केलं.